टाकीचा तळ उपसताना

कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानांत पहिली टाकी घेणाऱ्याच्या हातात काचेबरोबर एअर पंप, जाळी, प्लॅस्टिकची झुडपं आणि पिशवीभर रंगीत खडी हमखास पडते. निळी, गुलाबी, पोपटी. रंग मुलं निवडतात, पैसे मोठी माणसं देतात. वर्षभरात मुलांचा उत्साह ओसरतो, माशांची जबाबदारी आई-वडिलांवर येते आणि त्यांच्यातल्या एकाला खरोखरच नाद लागतो. मग ती निळी खडी डोळ्यांत खुपायला लागते. खाली वाळू असावी, खऱ्या वनस्पती असाव्यात, तळ नदीच्या तळासारखा दिसावा असं वाटू लागतं. मासे धडधाकट आहेत, पाणी स्वच्छ आहे, खालचा थर तेवढा बदलायचा आहे.

राहत्या घराची फरशी बदलण्यासारखं हे काम वाटतं. पण ही फरशी अशी की ती उखडली तर घराचं सांडपाणी तुंबू शकतं आणि तिच्या खाली काय साठलंय ते उखडल्याशिवाय कळत नाही. तळ बदलल्यावर दोन-तीन दिवसांत मासे मेले की दोष बहुतेक वेळा नव्या वाळूवर जातो. वाळू सहसा निर्दोष असते. घात एक तर काढून टाकलेल्या खडीबरोबर गेलेल्या जिवाणूंमुळे होतो, नाही तर ती काढताना ढवळलेल्या गाळामुळे. या दोन्हींतला फरक नीट समजला तर काम एका दुपारचं आहे.

आधी जिवाणू. मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो, बंद टाकीत साठतो आणि माशाला मारतो. तसं होत नाही, कारण काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. ही दोन टप्प्यांची क्रिया करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास झुरिचमध्ये मातीतून वेगळे केले. पुढे शंभर वर्षं मत्स्यपालनाच्या पुस्तकांनी नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ करून घेतली. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरा नावाचे वेगळेच जिवाणू करत असल्याचं दिसलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा आर्किया या गटातला जीव वेगळा काढला गेला; असा जीव शुद्ध स्वरूपात हाती लागण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांना घरगुती गोड्या पाण्याच्या फिल्टरांतही हीच आर्किया मंडळी मोठ्या संख्येने सापडली. आणि २०१५ मध्ये असेही नायट्रोस्पायरा मिळाले, जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यांतला एक नमुना मत्स्यशेतीच्या फिल्टरमधून आलेला होता. थोडक्यात, ज्या खडीला आपण शोभेची वस्तू समजतो तिच्यातून सूक्ष्मजीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं दुरुस्त झाली आहेत.

या सगळ्यांचे दोन स्वभाव आपल्या कामाचे आहेत. एक, ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. कशाला तरी चिकटून, बुळबुळीत थर करून राहतात. म्हणून ‘जुनं पाणी जपून ठेवा, त्यात बॅक्टेरिया असतात’ हा दुकानातला सल्ला अर्धवट आहे. जुनं पाणी जपावं, पण ते तापमान आणि पीएच यांसाठी. जिवाणूंसाठी फिल्टरचा स्पंज जपावा. दुसरा स्वभाव म्हणजे त्यांचा सुस्तपणा. दूध नासवणारे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नवी टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे तिच्यात ही वस्ती जमायला, तीन ते सहा आठवडे जातात ते यामुळेच.

मग खडीत किती असतात? दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण नऊ लिटर खडी, वजनाने तेरा-चौदा किलो. खडा सरासरी पाच मिलिमीटरचा धरला तर सगळ्या खड्यांचा पृष्ठभाग मिळून सहा चौरस मीटरांच्या थोडा वर भरतो. त्याच टाकीच्या पाचही काचांचा आतला पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरही होत नाही. वाळू घेतली तर हिशेब आणखी फुगतो, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या कणांचा पृष्ठभाग दहापट होतो. पण हा आकडा फसवा आहे. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि बारीक वाळूत पाणी वरच्या काही मिलिमीटरपलीकडे फारसं फिरत नाही. खालची वाळू त्यांच्या दृष्टीने ओसाड जागा.

म्हणून खरा प्रश्न, तुमच्या टाकीत काम करतंय कोण? स्पंज फिल्टर, मागे लटकणारा फिल्टर किंवा खाली ठेवलेला कॅनिस्टर काही महिने चालू असेल, तर पाणी सतत त्यातून जातं, ऑक्सिजन तिथे भरपूर असतो आणि कामाचा मोठा वाटा तिथेच उरकतो. अशा टाकीतली खडी एका फटक्यात काढली तरी फिल्टर बहुधा बोजा पेलतो, मासे खच्चून भरलेले नसले तर.

अंडरग्रॅव्हल फिल्टरचं तसं नाही. आपल्याकडच्या असंख्य टाक्यांत अजून हाच असतो, कारण तो स्वस्त असतो आणि दिसत नाही. खडीखाली भोकं असलेली प्लॅस्टिकची तबकडी, कोपऱ्यात उभी नळी, नळीत एअर पंपाचे बुडबुडे. बुडबुड्यांबरोबर पाणी नळीतून वर चढतं आणि त्याची जागा घ्यायला टाकीतलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं. इथे खडी हाच फिल्टर असतो. ती काढली की टाकीला फिल्टर उरत नाही. रिकामी तबकडी परत ठेवून वर नवी खडी पसरली तरी तो शून्यापासून सुरू होतो. आणि त्या जागी बारीक वाळू टाकायची असेल तर तबकडी ठेवण्यातही अर्थ नाही, कारण वाळू भोकांतून खाली जाते. अशा टाकीत तळाला हात लावण्याआधी एक साधा स्पंज फिल्टर सोडावा आणि दोन्ही चार ते सहा आठवडे सोबत चालू द्यावेत. स्पंजाला हिरवट-तपकिरी रंग चढला, बोटाला बुळबुळीत लागला, की वस्ती झाली. हा महिना-दीड महिना वाट बघणं हाच सगळ्या कामातला अवघड भाग आहे, कारण नवी वाळू बाल्कनीत पोत्यात बसून खुणावत असते.

टप्प्याटप्प्याने, दर आठवड्याला पाव भाग खडी काढावी असाही एक सल्ला दिला जातो. अंडरग्रॅव्हल असेल आणि दुसरा फिल्टर लावणं शक्यच नसेल तर तो मान्य. एरवी मला तो पटत नाही. चार आठवड्यांत चार वेळा गाळ ढवळायचा, तोही मासे आत असताना, यात सावधपणा कमी आणि छळ जास्त.

आता गाळाकडे. खडीच्या फटींत न खाल्लेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं जमत जातात. वरच्या थरात ऑक्सिजन असतो तोवर ठीक. खोल थरात तो संपतो आणि तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. त्यांतले काही सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात: सडक्या अंड्यांचा वास, आणि लोहाशी संयोग होऊन काचेलगत दिसणारे काळे पट्टे. हा वायू माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतो. हवेशीर पाण्यात आला की तो लवकर नाहीसा होतो, त्यामुळे वाळूत काडी खुपसल्यावर निघालेल्या दोन बुडबुड्यांनी घाबरायचं कारण नाही. पण अख्खा काळा थर एकदम उलटायचा आणि मासे त्यातच ठेवायचे, हा वेगळा मामला. ज्या टाक्यांत निमुळत्या शंखाच्या बारीक गोगलगायी असतात तिथे हा थर सहसा कमी सापडतो. त्या दिवसा वाळूत शिरून बसतात आणि तळ अखंड उकरत राहतात. दुकानदार त्यांना मलेशियन म्हणतात, पण १७७४ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं ते आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून.

यापेक्षा कमी बोलला जाणारा आणि मला जास्त भीतीदायक वाटणारा धोका पीएचचा आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला क्षार खर्च होतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा. मुंबईसारख्या शहरात नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येतं, ते मुळातच मृदू. पाणी बदलण्यात आळस झालेल्या जुन्या टाकीत ही शिल्लक संपते, पीएच साडेसहाच्या खाली सरकतो आणि जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठू लागतो, तरी मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या सौम्य रूपात असतो. २८ अंश सेल्सिअसला आणि साडेसहा पीएचला विषारी अमोनियाचं प्रमाण एकूणाच्या ०.२ टक्के एवढंच. त्याच तापमानाला पीएच ८ झाला की ते साडेसहा टक्के होतं, म्हणजे तीसपट. आता कल्पना करा: तळ बदलायचा म्हणून कोणी गाळ ढवळला, सगळं पाणी फेकलं आणि बोअरवेलचं जड पाणी भरलं. मासे संध्याकाळपर्यंत वर येऊन धापा टाकू लागतात आणि घरात चर्चा नव्या वाळूत काय मिसळलं होतं याची.

उपाय महागडा नाही. तळ काढायच्या आधीचे दोन-तीन आठवडे थोडं थोडं पाणी, पंधरा-वीस टक्के, वरचेवर बदलत जावं आणि सायफनच्या नळीने खडीतला गाळ ओढून घ्यावा. टाकीचा पीएच नळाच्या पाण्याजवळ आला की मग उपसायला घ्यावं. गंमत म्हणजे या सफाईनंतर कित्येकांना खडी बदलायची गरजच वाटत नाही. रंगाचं नव्हे, घाणीचं दुःख असेल तर सायफन पुरतो.

नव्या थराची निवड करताना लिंबू किंवा व्हिनेगर जवळ ठेवावं. मूठभर कोरड्या वाळूवर थेंब टाकले आणि फसफसलं तर त्यात चुना आहे: शिंपल्यांचा चुरा, प्रवाळ किंवा संगमरवर. कोकणच्या किनाऱ्यावरून किंवा खाडीतून आणलेली वाळू जवळजवळ हमखास फसफसते, शिवाय तिच्यात मीठ असतं. अशी वाळू पाण्याचा जडपणा वाढवत राहते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना ते चालतं, टेट्रांना नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी: जुन्या टाकीत संगमरवराचे खडे असतील तर इतके दिवस पीएच त्यांनीच सावरून धरलेला असू शकतो. ते काढून निष्क्रिय सिलिका वाळू टाकली, तर पहिला महिना सगळं छान चालतं आणि मग पीएच घसरत जातो. हातात खापर फोडायला तेव्हा वाळूही नसते, कारण ती टाकून महिने झालेले असतात.

बांधकामावर हल्ली मिळते ती क्रश सँड. बेसाल्ट दगड भरडून केलेली, चुना नसलेली, पण तिचे कण धारदार. तळाशी मिश्या घासत अन्न शोधणाऱ्या कोरिडोरास माशांना ती नको. जलतरण तलावांच्या फिल्टरमध्ये वापरतात ती गोलसर सिलिका वाळू या कामाला उत्तम. तळावरचे मासे वाळूत काय करतात ते बघायचं असेल तर झेब्रा लोच पाळावा. पिवळसर अंगावर बारीक काळे पट्टे असलेला हा मासा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा, कृष्णेच्या खोऱ्यातला. दगडांच्या मधल्या वाळूत तोंड खुपसून तो दिवसभर काहीतरी हुडकत असतो. खरखरीत रंगीत खडीवर तो हे करत नाही, कोपऱ्यात बसून राहतो. त्याची गणना आता धोक्यातल्या जातींत होते, म्हणून घेताना तो नदीतून पकडलेला नाही ना, हे विचारावं.

वनस्पतींचा नाद असेल तर साधी वाळू अपुरी पडते. जपानच्या ताकाशी अमानो यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत भाजलेल्या मातीच्या गोळ्या वापरतात. त्या खतं धरून ठेवतात आणि पाणी मृदू करतात, पण सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात. रिकाम्या नव्या टाकीत हे चालून जातं; मासे असलेल्या टाकीत एका दुपारीत हा बदल करू नये. डायना वॉल्स्टड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या पुस्तकात मांडलेली पद्धत स्वस्त: खाली इंचभर साधी बागेची माती, वर तेवढीच बारीक खडी. पुढे कधी तो थर उपसायची वेळ आली तर मात्र चिखलाची तयारी ठेवावी.

रंगाबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मासा तळाचा रंग अंगावर घेतो. त्वचेतल्या काळ्या पेशींमध्ये रंगद्रव्याचे कण पसरले की मासा गडद दिसतो, गोळा झाले की फिका. हे गोळा करवणारं एक संप्रेरक १९८३ मध्ये सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथीतून वेगळं केलं गेलं. पांढऱ्याशुभ्र वाळूवर ठेवलेले मासे म्हणूनच धुऊन काढल्यासारखे दिसतात. ‘खाणं बदलूनही रंग येत नाही’ अशी तक्रार असणाऱ्यांनी तळाकडे बघावं. तपकिरी, करडी किंवा काळपट वाळू घेतली तर तेच निऑन टेट्रा आठवड्याभरात वेगळे वाटतात. मला विचाराल तर तळ बदलण्याचं सगळ्यात मोठं बक्षीस हेच आहे.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी माशांना उपाशी ठेवावं, आदल्या दिवशीही. नवी वाळू आधीच धुऊन ठेवलेली असावी. बादलीत पाणी सोडून हाताने ढवळायची आणि गढूळ पाणी ओतायचं, वरचं पाणी निवळ दिसेपर्यंत. यात वाटतो त्याच्या तिप्पट वेळ जातो. मे महिन्याची दुपार आणि वीज जाण्याचा वार टाळावा. ३० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन प्रतिलिटर मावतो, २० अंशांना नऊच्या वर. गर्दीच्या बादलीत हा फरक जाणवतो.

सुरुवात वरच्या स्वच्छ पाण्यापासून. तळ हलवण्याआधीच ते सायफनने पसरट टबमध्ये घ्यावं. उंच बादलीपेक्षा टब बरा, त्याच्या पृष्ठभागातून हवा जास्त मिळते. दगड, लाकूड, झाडं काढली आणि पाणी वीतभर उरलं की मासे सहज धरता येतात. ते टबमध्ये, आणि त्यांच्यासोबत चालू फिल्टरही. टबवर ओला पंचा किंवा जाळी टाकावी, मासे उड्या मारतात. फिल्टर बंद करून बाजूला ठेवला तर काही तासांत त्यातला ऑक्सिजन संपतो आणि जो वाचवायचा तोच मरतो. त्याचा स्पंज नळाखाली धुणं हा तर सरळ क्लोरीनचा मारा. धुवायचाच तर टाकीच्या पाण्यात, आणि तोही आज नाही.

आता खडी प्लॅस्टिकच्या सुपलीने काढावी. लोखंडी उलथन्याने सांध्यातलं सिलिकॉन कापलं जातं. शेवटचा काळा रबडा नळीने ओढून घ्यावा, स्पंजाने काच पुसावी. टाकी मात्र जागची हलवू नये. खडीसकट उचललेल्या टाकीची काच तडकते किंवा सांधे सुटतात. नवी वाळू ओली करून घालावी, मागे थोडी उंच. तिच्यावर एक ताटली ठेवून पाणी ताटलीवर ओतलं की वाळू उडत नाही. टबमधलं स्वच्छ पाणी परत, बाकीचं नळाचं, त्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच. बाजारात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतात ते खडे सहसा याचेच. फिल्टर आधी, मासे नंतर. पाणी दुधाळ दिसेल, एक-दोन दिवसांत निवळेल.

पुढचे दोन आठवडे खाणं निम्म्यावर आणावं आणि अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट हाताशी ठेवावं. रोज सकाळी एक चाचणी. काही दिसलं तर पाव पाणी बदलायचं. बाटलीतल्या जिवाणूंवर पैसे घालवण्याऐवजी जुन्या खडीतल्या दोन ओंजळी जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या धारेत महिनाभर टांगाव्या. क्रिप्टोकोरिन जातीची झाडं, जी आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवतात, मुळं हलवल्याच्या धक्क्याने पानं विरघळवून टाकतात. ती मेली असं समजून उपटू नयेत. मुळातून नवी पानं येतात.

राहिली ती निघालेली चौदा किलो खडी. तिच्यात गोगलगायी, त्यांची पिल्लं आणि झाडांचे तुकडे असतात, त्यामुळे ओढ्यात किंवा तलावात रिकामी करू नये. घरगुती टाक्यांतून सुटलेला सकर मासा आज उजनी धरणात कोळ्यांची जाळी फाडतो आहे. खडी गच्चीवर पसरून आठवडाभर कडक उन्हात वाळवावी, मग कुंड्यांच्या बुडाशी निचऱ्यासाठी घालावी. निळी असली तरी मातीखाली दिसत नाही.